शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा करावी, असें आपल्या घरांतील वडील बायका सांगत आल्या आहेत, आणि त्यांचें म्हणणें खरें आहे. परंतु ही म्हण ज्या स्वयंपाकघरांत जन्मली तेथें तिच्यामागें कांहीं अटी गृहीत होत्या. भात एकाच भांड्यांतला असावा, तांदूळ एकाच जातीचा असावा, आंच सगळीकडे सारखी लागलेली असावी. ह्या अटी कोणी बोलून दाखवीत नसे, कारण चुलीपुढें बसणारीला त्या ठाऊकच असत. आपल्या भांड्यांतलें शीत चेपून शेजारणीच्या भाताविषयीं निर्वाळा देणारी बाई अजून आमच्या पाहण्यांत आली नाहीं. असे विद्वान पुरुष मात्र पुष्कळ पाहण्यांत येतात, आणि त्यांच्याचविषयीं आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

हल्लीं सभांतून, व्याख्यानांतून आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून 'सामान्यीकरण' ह्या शब्दाचा मोठा बोलबाला झाला आहे. गणिती म्हणतो, आमचें शास्त्र सामान्यीकरणानें वाढतें. विज्ञानाचा संशोधक म्हणतो, थोड्या प्रयोगांवरून सृष्टीचा नियम सांगणें हेंच आमचें काम. आणि आतां यंत्रशिक्षणाचे पुरस्कर्ते म्हणूं लागले आहेत कीं, यंत्रही सामान्यीकरण करूं लागलें; पूर्वीं न पाहिलेल्या उदाहरणाचें उत्तर तें बरोबर देतें; तेव्हां जें ज्ञान अनुभवी माणसानें जन्मभर खपून मिळवावयाचें तें ह्यापुढें विकत मिळेल. शब्द एकच असल्यामुळें ऐकणाऱ्याची अशी समजूत होते कीं, तिघांच्या हातीं वस्तुही एकच आहे, आणि गणिताची जी खात्री तीच यंत्राची व तीच संशोधनाच्या निष्कर्षाची. ह्या समजुतीचा आम्ही येथें निषेध करणार आहों. ती केवळ शब्दांची गफलत असती तर तिच्यावर शाई खर्च करण्याचें कारण नव्हतें. परंतु तिच्यापायीं शेतकऱ्याचा हंगाम, रोग्याचा जीव आणि विद्यार्थ्याचें वर्ष पणाला लागतें, आणि ज्यानें नियम सांगितला त्याचें मात्र कांहींच जात नाहीं.

ह्या विषयाला नवें नांव शोधण्याचीही गरज नाहीं. आपल्या न्यायशास्त्रांत त्याला 'व्याप्ति' म्हणतात. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' आपल्याकडील संस्कृतच्या विद्यार्थ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या वाचला. आठल्ये व बोडस यांची त्याची सटीक आवृत्ति १८९७ सालीं मुंबईस निघाली. त्यांतलें उदाहरण सर्वांना पाठ आहे. जेथें धूर तेथें अग्नि, ही व्याप्ति स्वयंपाकघरांत पाहिली आणि डोंगरावर धूर दिसतांच तेथें अग्नि असल्याचें अनुमान केलें. येथवर ठीक. पण तेंच वाक्य फिरवून 'जेथें अग्नि तेथें धूर' असें म्हटलें कीं तें फसतें. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, धूर नसतो. मग चुलीपाशीं दोन्ही बरोबर कां दिसले? चुलींत सरपण ओलें होतें म्हणून. ह्या ओल्या सरपणाला नैयायिक 'उपाधि' म्हणतात. ज्या न सांगितलेल्या अटीच्या जोरावर नियम आजवर खरा ठरत आला, आणि जी अट नव्या ठिकाणीं नसली कीं नियम कोसळतो, ती उपाधि. मराठींत ह्या शब्दाचे आणखी दोन अर्थ आहेत: विद्यापीठ देतें ती पदवी, आणि मागें लागलेली कटकट. आमच्या सुशिक्षितांनीं पदवीची उपाधि मिळविली, कटकटीची टाळली, आणि नैयायिकांची उपाधि ते साफ विसरून गेले.

गणिताची गोष्ट प्रथम घेऊं, कारण खात्रीचा सगळा दिमाख तेथून उसना आणलेला असतो. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनीं १९४९ सालीं ६१७४ ह्या संख्येचा एक चमत्कारिक गुण जाहीर केला. चार आंकडी कोणतीही संख्या घ्यावी. चारही आंकडे सारखे मात्र नसावेत. त्याच आंकड्यांची मोठ्यांत मोठी व लहानांत लहान संख्या मांडून वजाबाकी करावी, आणि येईल त्या उत्तरावर तीच क्रिया पुनः करीत जावी. ३५२४ घेतली तर ५४३२ मधून २३४५ जाऊन ३०८७ राहतात. मग ८७३० मधून ०३७८ जाऊन ८३५२. मग ८५३२ मधून २३५८ जाऊन ६१७४. पुढें किती वेळां वजाबाकी केली तरी ६१७४च. कोठूनही आरंभ करा, फार तर सात पायऱ्यांत ह्याच संख्येवर येऊन थांबावें लागतें. तीन आंकडी संख्या घेतल्या तर असेंच ४९५ येतें.

आतां शितावरून भात ओळखणारा काय म्हणेल? तीन आंकड्यांना एक स्थिर संख्या, चार आंकड्यांना एक स्थिर संख्या, तेव्हां पांचांना, सहांना, दहांनाही एकेक असणारच! त्यानें पांच आंकडी संख्या घेऊन पाहावी. तेथें अशी एकही संख्या नाहीं. ५३९५५ वरून ५९९९४ येते आणि ५९९९४ वरून पुनः ५३९५५. घाण्याच्या बैलाप्रमाणें फेऱ्या चालू राहतात. मागें वळून दोन आंकड्यांकडे पाहिलें तर तेथेंही ८१, ६३, २७, ४५, ०९ आणि पुनः ८१ असें चक्रच आहे. सहा आंकड्यांत एकाऐवजीं ५४९९४५ व ६३१७६४ अशा दोन स्थिर संख्या निघतात, आणि शिवाय एक चक्रही निघतें. चार आंकड्यांत जो नियम निरपवाद, तो एक घर पुढें सरकतांच नाहींसा झाला!

मग कापरेकरांचें विधान पक्कें कशानें? चार आंकडी संख्या दहा हजारांच्या आंत आहेत. त्या एकूण एक तपासून पाहतां येतात. तेथें शितावरून परीक्षा नाहीं, भांड्यांतलें प्रत्येक शीत चेपलेलें आहे. जेथें संख्या अनंत असतात तेथें गणिती सिद्धता देतो, म्हणजे कोणती अट धरली असतां निष्कर्ष सुटूंच शकत नाहीं हें दाखवितो. ती अट विधानाच्या पोटांत लिहिलेली असते. गणितांतही अटी सैल केल्या जातात, पण फुकट नाहीं. काटकोनाची अट काढली कीं कर्णवर्गाचा नियम तसाच राहत नाहीं. त्याला कोनाचें एक नवें पद जोडावें लागतें, तेव्हां कोठें तो सर्व त्रिकोणांना लागू पडतो. गणिताची खात्री ही अशी आहे. तिचें मोल चुकतें केलेलें असतें. तें मोल न देतां नुसती खात्री उचलून नेणें ह्याला व्यवहारांत काय म्हणतात तें वाचकांस सांगावयास नको.

ही उसनवारी उलट दिशेनेंही चालत नाहीं, हें दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या उदाहरणावरून दिसतें. गोव्यांत १९०७ सालीं जन्मलेले, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत शिकविणारे व पुढें मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत काम केलेले हे गणिती इतिहासाकडे वळले तेव्हां त्यांनीं प्राचीन आहत नाणीं तराजूंत घातलीं. नाणें हातोहात फिरतांना झिजतें. तेव्हां एका साठ्यांतील नाण्यांच्या वजनांवरून त्यांचा कालक्रम लावतां येईल, ही त्यांची दृष्टि. एकच साठा, एकच वजनाचें मूळ माप, झिजण्याचें एकच कारण: म्हणजे भांडें एक, आंच एक. हें अनुमान संख्याशास्त्राचें असून सशास्त्र होतें, कारण त्याची उपाधि डोळ्यांपुढें होती. पण १९५९ सालीं त्याच कोसंबींनीं संभाव्यतेच्या मार्गानें रीमानच्या सुप्रसिद्ध अनुमानापर्यंत पोंचण्याचा दावा केला आणि तो भारतीय कृषि-संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकांत छापला. गणितज्ञांनीं तो मानला नाहीं. कोसंबींच्या बुद्धीविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. पण 'बहुधा' ह्या शब्दाच्या कितीही राशी रचल्या तरी त्यांतून 'अवश्य' निघत नाहीं, आणि हा कायदा मोठ्या माणसासाठींही वांकत नाहीं.

आतां यंत्राकडे येऊं. यंत्र शिकतें म्हणजे काय करतें? त्याला हजारों उदाहरणें उत्तरांसह दाखवितात. उत्तरें जुळेपर्यंत तें आपल्या पोटांतल्या संख्या कमीजास्त करीत जातें. मग कांहीं उदाहरणें जीं मुद्दाम झांकून ठेवलेलीं असतात त्यांवर त्याची परीक्षा घेतात. ज्यांनीं वर्गांत मुलें शिकविलीं आहेत त्यांस ही गोष्ट समजण्यास कठीण नाहीं. पाठ्यपुस्तकांतलीं उदाहरणें पाठ करणारा विद्यार्थी आणि रीत समजलेला विद्यार्थी ह्यांतला भेद न पाहिलेल्या गणितावरच कळतो. यंत्रही घोकंपट्टी करतें, आणि आपल्या कोणत्याही विद्यार्थ्यापेक्षां सरस करतें. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका निबंधांत संशोधकांनीं चित्रांना वाटेल तीं खोटीं नांवें चिकटवून यंत्राला शिकविलें. यंत्रानें तीं सगळीं निरर्थक नांवें बिनचूक पाठ केलीं! ज्याच्यांत शिकण्यासारखें कांहीं नव्हतें तेंही तें शिकलें. शिकवणींत पैकीच्या पैकी गुण मिळाले ह्यावरून कांहींच ठरत नाहीं, हें ह्यावरून उघड आहे. आणि झांकलेलीं उदाहरणें चुकून आधींच दाखविलीं गेलीं, म्हणजे आपल्या भाषेंत पेपर फुटला, तर परीक्षेच्या निकालालाही कांहीं किंमत उरत नाहीं.

बरें, पेपर फुटला नाहीं, परीक्षा चोख झाली, तरी ती कशाची झाली? लेस्ली व्हॅलियंट यांनीं १९८४ सालीं यंत्राच्या शिकण्याला गणिती पाया घातला. त्यांची हमी खरी आहे, सिद्ध आहे. पण तिची अट अशी कीं, ज्या राशींतून शिकवणीचीं उदाहरणें उचललीं त्याच राशींतून पुढचीं उदाहरणेंही यावींत. भांडें एकच असावें, ही आजीबाईंची अटच व्हॅलियंट यांनीं गणिताच्या भाषेंत लिहिली. डेव्हिड वोल्पर्ट यांनीं १९९६ सालीं ह्याची दुसरी बाजू सिद्ध केली: जगाविषयीं कांहींच गृहीत धरावयाचें नसेल, तर सर्व संभाव्य जगांची सरासरी घेतां कोणतीही शिकण्याची रीत दुसरीपेक्षां श्रेष्ठ ठरत नाहीं. म्हणजे गृहीतावांचून सामान्यीकरण नाहींच. आणि जे लोक 'हें गणितानें सिद्ध आहे' म्हणून यंत्राचा माल खपवितात ते नेमका गणितानें सिद्ध केलेला हा भाग वगळतात.

परिणाम काय होतो तें पाहा. २०१८ सालीं अमेरिकेंत छातीच्या क्षकिरण-चित्रांवरून न्यूमोनिया ओळखणाऱ्या यंत्रांची तपासणी झाली. ज्या रुग्णालयांच्या चित्रांवर यंत्र शिकलें होतें तेथें तें चांगलें चाललें. बाहेरच्या रुग्णालयाच्या चित्रांवर पांचांपैकीं तीन तुलनांत तें उणें पडलें. शोध घेतां असें आढळलें कीं, चित्र कोणत्या रुग्णालयांतलें आहे हें यंत्राला जवळजवळ अचूक ओळखतां येत होतें. आणि न्यूमोनियाचें प्रमाण रुग्णालयागणिक निराळें असल्यामुळें, फुप्फुसाकडे न पाहतांही उत्तराचा अंदाज बांधण्याची सोय त्याला झाली होती. तापलेला गोळा, ओलें सरपण आणि धूर, सगळें न्यायशास्त्रांतल्याप्रमाणें! पन्हाळा तालुक्यांतील कोडोलीस प्रेस्बिटेरियन मिशननें इस्पितळ काढलें. अशा गांवच्या इस्पितळांत उद्यां एखादें यंत्र येऊन बसेल, आणि तें पुण्यामुंबईच्या चित्रांवर शंभरांत पंचाण्णव गुण मिळवून आलें असेल. कोडोलीच्या रोग्याला त्या पंचाण्णवांचा उपयोग काय? त्याचें चित्र ज्या राशींत आहे तिच्यावर यंत्राची परीक्षा झालेलीच नाहीं.

येथें कोणी म्हणेल, हिंवतापावरचें क्विनीनही परदेशांतूनच आलें. तें कोडोलीच्या माणसाला लागू पडावें आणि यंत्राचा निर्णय लागू पडूं नये, हा कोठला न्याय? आक्षेप चांगला आहे, आणि आमच्या म्हणण्याचें मर्म त्याच्या उत्तरांतच आहे. क्विनीन प्रवासाला निघतें तेव्हां आपलें कारण बरोबर घेऊन निघतें. हिंवतापाचे जंतु रक्तांत असतात, क्विनीन त्यांना मारतें. जेथें तो जंतु आहे व त्यानें त्या औषधाला दाद न देण्याची शक्ति कमावलेली नाहीं, तेथें नियम चालेल, आणि न चालला तर कां चालला नाहीं तेंही शोधतां येईल. कारण ठाऊक असलें म्हणजे कोणती अट महत्त्वाची व कोणती बिनमहत्त्वाची हें कळतें. यंत्र मात्र बहुधा नुसते आपले गुण घेऊन प्रवासाला निघतें. नियमाची शिदोरी कारणाची आहे कीं गुणपत्रिकेची, हा प्रश्न दारांत उभ्या राहिलेल्या प्रत्येक सामान्यीकरणाला विचारला पाहिजे.

प्रयोगशास्त्रांत हा विवेक कसा करावा ह्याचा धडा आपल्याच शेजारच्या जिल्ह्यांतील एका माणसानें घालून दिला आहे. सातारा जिल्ह्यांतील बुध येथें १९११ सालीं जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे देशाच्या पिकांचा अंदाज कसा घ्यावा ह्या प्रश्नाकडे १९४० नंतरच्या दशकांत वळले. सगळीं शेतें कापून मोजणें अशक्य. तेव्हां कांहीं शेतें निवडावयाचीं, त्यांतला एक तुकडा कापावयाचा, आणि त्यावरून प्रांताचें पीक सांगावयाचें. शितावरून भाताची ही सरकारी परीक्षा! तुकडा केवढा असावा, ह्यावर मोठा वाद झाला. कलकत्त्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस लहान तुकड्यांच्या पक्षाचे होते. लहान तुकडे स्वस्त पडतात व पुष्कळ कापतां येतात. सुखात्मे यांनीं दाखविलें कीं तुकडा फार लहान असला तर पीक खऱ्यापेक्षां जास्त भरतें. कां भरतें? हद्दीवरचीं जीं ताटें आंत धरावींत कीं बाहेर ह्याचा संशय असतो, तीं कापणारा बहुधा आंत धरतो. आणि तुकडा जितका लहान तितकी क्षेत्राच्या मानानें हद्द लांब. हें कारण भूमितीचें आणि मनुष्यस्वभावाचें आहे, म्हणून तें बंगालच्या भाताला जितकें लागू तितकेंच दख्खनच्या जोंधळ्यालाही. सुखात्मे यांचा निष्कर्ष प्रवासाला योग्य झाला तो ह्यामुळें. एकरी शंभर टन उसाच्या ज्या कथा व्याख्यानांतून ऐकूं येतात त्या ऐकतांना, कोणत्या शेताच्या कोणत्या कोपऱ्यांतला तुकडा मोजला, हा सुखात्मे यांचा प्रश्न आमच्या शेतकरी बंधूंनीं अवश्य विचारावा.

जुन्या शेतकी खात्याला ही गोष्ट कळत होती. नीरेच्या कालव्याखालीं पाडेगांव येथें १९३२ सालीं उसाचें संशोधनकेंद्र निघालें. पण पाडेगांवचा निर्णय कोल्हापुरास तसाच लावावा असें कोणी म्हटलें नाहीं. कोल्हापुरास ऊंस व गूळ यांचें निराळें प्रादेशिक केंद्र झालें, आणि नवी जात अनेक ठिकाणच्या मातींत लावून पाहिल्याखेरीज तिची शिफारस करूं नये अशी रीत पडली. ह्या रीतीला वेळ लागतो, म्हणून आजच्या घाईच्या युगांत ती मागासलेली ठरते.

आमच्या स्वतःच्या व्यवसायाविषयीं न बोलतां पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. एका शहरांतल्या एका महाविद्यालयांत शंभर विद्यार्थ्यांना प्रश्नावली वाटावी, त्यांतल्या नव्वदांनीं ती कंटाळून भरावी, आणि निबंधाला 'भारतीय तरुणांची मनोवृत्ति' असें नांव देऊन तो बढतीच्या गुणांसाठीं छापावा, हा प्रकार आपल्या विद्यापीठांतून इतका रुळला आहे कीं त्याचें कोणाला नवलही वाटत नाहीं. परदेशांतही सगळें आलबेल नाहीं. मानसशास्त्रांतील १०० प्रसिद्ध प्रयोग पुनः करून पाहण्याचा एक मोठा उपक्रम २०१५ सालीं जाहीर झाला. मूळ प्रयोगांपैकीं ९७ टक्क्यांनीं जो परिणाम निश्चित म्हणून सांगितला होता तो पुनःप्रयोगांत ३६ टक्क्यांतच तसा आढळला. फरक इतकाच कीं त्यांनीं तपासून पाहिलें आणि अपयश छापलें. आमच्याकडे तपासण्याची रीत नसल्यामुळें सगळेंच यशस्वी असतें.

आतां वारणेच्या खोऱ्यांत येऊं, कारण वादाचा निकाल अखेर एखाद्या शेतांत लागावयाचा असतो. कोडोलीच्या शेजारींच वारणानगर आहे. तात्यासाहेब कोरे यांनीं उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याच्या आश्रयानें १९९८ सालीं येथें एक मोठा प्रयोग सुरू झाला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारें ७० गांवांत संगणक बसवून तीं एकमेकांस जोडावींत, शेतकऱ्याला बाजारभाव, पीकसल्ला, आरोग्य, शिक्षण ह्यांची माहिती गांवांतच मिळावी, आणि हा नमुना देशभर न्यावा, अशी ती योजना होती. कांहीं वर्षांनीं संशोधकांनीं पाहिलें तों संगणकांचा उपयोग मुख्यतः उसाच्या नोंदी, तोड, वजन, खत व बिल इतक्याच कामीं होत होता. तेवढें काम तर साध्या भ्रमणध्वनीच्या संदेशांनींही होईल, असें २००६-०७ च्या सुमारास ७ गांवांत करून पाहण्यांत आलें, आणि तें झालें.

ह्यावरून दोन पक्षांनीं दोन नियम काढले. पहिला म्हणाला, वारणेला संगणक चालला, तेव्हां प्रत्येक खेड्याला चालेल. दुसरा म्हणाला, वारणेला माहितीचा उपयोग झाला नाहीं, तेव्हां खेड्याला संगणक नकोच. दोघांनींही ओलें सरपण पाहिलें नाहीं. वारणेला जें चाललें तें हजारों सभासदांच्या उसाचा हिशेब ठेवणारा एक सबळ सहकारी कारखाना होता म्हणून. जेथें असा कारखाना नाहीं तेथें तोच संगणक धूळ खात पडणार. आणि जें चाललें नाहीं तें त्या काळीं माहिती मराठींत, वेळेवर व उपयोगी पडेल अशी नव्हती म्हणून. त्याच खेड्यांतला शेतकरी आज खिशांतल्या यंत्रावर पावसाचा अंदाज पाहतो. एकाच प्रयोगावरून दोन परस्परविरुद्ध नियम निघाले, आणि दोन्ही खोटे निघाले!

हा इतिहास इतका जवळचा असतां आपण पुनः त्याच वळणावर येऊन उभे आहों. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनें मायक्रोसॉफ्ट कंपनी व ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या साह्यानें २०२४ सालीं सुमारें १००० ऊंसउत्पादकांसाठीं कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग हातीं घेतला. उपग्रहाचीं चित्रें, हवामान व जमिनींतील ओलावा ह्यांवरून पाणी किती व केव्हां द्यावें, खत किती घालावें, हा सल्ला शेतकऱ्याला मिळतो. प्रयोग स्तुत्य आहे, आणि तो करणाऱ्यांच्या उद्योगाविषयीं आमची मुळींच तक्रार नाहीं. तक्रार आहे ती, बारामतीस उत्पन्न वाढलें म्हणजे वारणेसही वाढणारच, असें टाळ्यांच्या गजरांत सांगणाऱ्यांविषयीं. बारामती पर्जन्यछायेंत आहे; तेथल्या उसाचें पाणी कालव्याचें व विहिरीचें, म्हणजे बरेंचसें माणसाच्या हातांतलें. वारणेचें खोरें सह्याद्रीच्या पायथ्याशीं आहे. येथें पश्चिमेकडे दर कांहीं मैलांवर पाऊस वाढत जातो, आणि २०१९ व २०२१ सालीं नदीकांठचा उभा ऊंस पुराखालीं गेला. बारामतीच्या शेतकऱ्याचा प्रश्न पाणी कसें पुरवावें हा आहे. आमच्या नदीकांठच्या शेतकऱ्याचा प्रश्न, पाणी उतरल्यावर जो ऊंस उरला त्याचें काय करावें, हाही आहे. ज्या नोंदींवर यंत्र शिकलें त्यांत आठ दिवस पाण्यांत उभा राहिलेला ऊंस होता काय? होता तर किती शेतांचा? नसेल तर यंत्र त्या शेताला उत्तर देतांना थांबेल, कीं बारामतीच्याच ऐटींत बोलत राहील? हे प्रश्न विचारणाऱ्याला प्रगतीचा वैरी म्हणण्याची पद्धत आहे. आमच्या मतें हाच खरा शास्त्राचा मित्र.

आडसाली ऊंस सोळा-अठरा महिने शेतांत उभा असतो. सल्ला चुकला तर शेतकऱ्याचें दीड वर्ष जातें, सोसायटीचें कर्ज मात्र चालूच राहतें. सल्ला देणाऱ्याच्या दृष्टीनें तो हजारांतला एक अपवाद असतो, आणि सरासरींत तो दिसतही नाहीं. न्यायाची गोष्ट अशी आहे कीं, जो नियम एका प्रदेशांतून दुसऱ्या प्रदेशांत नेतो, सिद्धतेचा भार त्याच्यावर असावा. आज हा भार उलट टाकला जातो. 'हें येथें चालणार नाहीं असें सिद्ध करून दाखवा', असें शेतकऱ्यालाच सांगतात, आणि त्याच्यापाशीं ना नोंदी ना निबंध, म्हणून तो गप्प बसतो.

आमचें म्हणणें विपरीत अर्थानें घेतलें जाण्याचाही संभव आहे. मराठींत दोन म्हणी आहेत. 'कोठेंही गेलें तरी पळसाला पानें तीनच' असें एक म्हणते. 'दर बारा कोसांवर भाषा बदलते' असें दुसरी म्हणते. आमच्याकडे ह्या दोन म्हणींचे दोन पंथ झाले आहेत. पळसपंथीयांचा समाचार वर घेतलाच आहे. पण बारा कोसवाले त्यांच्याहून कमी घातक नाहींत. 'आमची माती निराळी, आमचा माणूस निराळा, तुमचें शास्त्र आम्हांस नको', असें म्हणणारा माणूस लसीला विरोध करतो, पाण्याच्या तपासणीला हंसतो, आणि बापानें केलें तेंच करीत राहतो. बापानें केलें तेंही एक सामान्यीकरणच आहे, हें त्याच्या लक्षांत येत नाहीं. फक्त तें कालच्या पावसावर व कालच्या मातीवर बेतलेलें आहे. पाऊस बदलला कीं तेंही फसतें. निराळेपणा आहे असें नुसतें म्हणून भागत नाहीं. कोणत्या कारणानें आहे व किती आहे, हें दाखवावें लागतें. पळसाला पानें तीनच हें जितकें खरें, तितकीच बारा कोसांवरची भाषाही खरी. कोठें पळस आहे आणि कोठें भाषा आहे हें ओळखण्याचें नांव विद्या.

कोणी म्हणेल, इतक्या अटी घालूं लागलों तर कोणताही नियम सांगतांच येणार नाहीं आणि जग जागच्या जागीं थांबेल. आम्हांला असें वाटत नाहीं. पुलावर 'इतक्या टनांपर्यंतच' अशी पाटी लावल्यानें वाहतूक थांबत नाहीं; पाटी नसलेला पूल कोसळला म्हणजे थांबते. नियम सांगणाऱ्यानें तो कोठल्या नोंदींवरून काढला, कोठें तपासला आणि कोठें फसला, ह्या तीन ओळी त्याच्या कपाळावर लिहाव्यात, एवढीच आमची मागणी आहे. वारणेंत यंत्र आणावयाचें असेल तर वारणेच्या कांहीं शेतांवर, पूरपट्ट्यांतील शेतें धरून, एक हंगाम त्याची परीक्षा घ्यावी, आणि निकाल वाईट आला तरी तो गावसभेपुढें मराठींत वाचून दाखवावा. विद्यापीठांनीं एका महाविद्यालयावरून भारताविषयीं बोलणारे निबंध परत करावेत. आणि शाळांतून गणित शिकवितांना ६१७४ चा चमत्कार दाखविल्यावर मास्तरांनीं मुलांना पांच आंकडी संख्याही करावयास लावावी. नियम किती मोठा आहे हें पाहून मुलाला आनंद होतो. तो कोठें संपतो हें स्वतःच्या पाटीवर पाहिलें म्हणजे त्याला शहाणपण येतें.

ज्या समाजांत पदवीधर वाढले आणि अट विचारणारे घटले, त्या समाजाला यंत्र शहाणें करूं शकणार नाहीं. आपल्या चुका अधिक वेगानें व अधिक दूरवर पोंचविण्याची सोय मात्र तें करून देईल. चुलीपुढच्या बाईला जें ठाऊक होतें तें तिच्या पदवीधर नातवानें विसरावें, ह्याला प्रगति म्हणण्यास आम्ही तयार नाहीं.